तांब्यातले पाणी, पितळेतले दूध

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा कोणत्याही उपनगरी स्थानकाबाहेरील भांड्यांच्या दुकानात आज डोकावले, तर दर्शनी फळीवर एक वस्तू हटकून दिसते. ती म्हणजे तांब्याची बाटली. साठ-सत्तरच्या दशकांत ज्या घरांनी आजीचे हंडे, घंगाळी आणि बंब मोडीत देऊन स्टेनलेस स्टीलचे डबे घेतले, त्याच घरांतील नातवंडे आज तीच धातू नवी घडणावळ मोजून परत घरी आणीत आहेत. मराठी भाषेने मात्र या धातूशी असलेले नाते कधीच तोडले नव्हते. धातू गेली तरी भांड्याचे नाव ‘तांब्या’च राहिले, आणि ‘स्टीलचा तांब्या’ म्हणताना त्यातील विसंगती आपल्या कानाला कधी खटकली नाही.

ही बाटली विकताना जे सांगितले जाते त्यात पूर्वजांचे शहाणपण, पचन, सांधेदुखी, कांती, वजन असे सर्व काही येते. सुशिक्षित माणसाची यावर दोनपैकी एक प्रतिक्रिया होते. एक तर तो हे सारे श्रद्धेने स्वीकारतो, नाही तर सारेच भाकड म्हणून झटकून टाकतो. दोन्हींत विचार करण्याचे कष्ट वाचतात. वस्तुतः तांब्याचा जंतुनाशक गुण हा प्रयोगशाळेत पुनःपुन्हा पडताळून पाहिलेला गुण आहे. परंतु तो कोठे, किती वेळात आणि कोणत्या अटींवर उपयोगी पडतो, हे बाटलीच्या वेष्टनावर लिहिलेले नसते. आणि महाराष्ट्राच्या बाबतीत या कथेला एक दुःखद बाजूही आहे. तिचा आज आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

प्रथम गुणाविषयी. कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते की, पाण्यात तांब्याचा अत्यल्प अंश उतरला तरी त्यातील शेवाळ मरते. त्याने या परिणामाला ‘ऑलिगोडायनॅमिक’ म्हणजे अल्पमात्रेने घडणारा असे नाव दिले. त्याचे हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १८९३ साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १८८५ च्या सुमारास, फ्रान्समधील बोर्डो भागात मिलार्दे या प्राध्यापकाने मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षवेलीवरील बुरशीला आवरते हे सिद्ध केले होते. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. त्या भागातील बागाईतदार हे मिश्रण रस्त्याकडेच्या वेलींवर शिंपडत, ते चोरांनी द्राक्षांना हात लावू नये म्हणून. पण त्या वेली रोगापासूनही वाचल्या! नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागाईतदार आणि कोळे रोगापासून सुपारी वाचवू पाहणारा कोकणातील बागाईतदार आजही तेच ‘बोर्डो मिश्रण’ फवारतो. तेव्हा तांबे सूक्ष्म जीवांना मारते यात चमत्कार काहीच नाही. धातूच्या पृष्ठभागावरून सुटे झालेले तांब्याचे आयन जिवाणूच्या आवरणाला भगदाडे पाडतात, आत शिरून त्याची प्रथिने निकामी करतात आणि त्याच्या जनुकद्रव्याचे तुकडे करतात. हा मारा एकाच वेळी अनेक ठिकाणी होत असल्यामुळे जिवाणूला त्यातून निसटणे कठीण जाते.

पाण्यापुरते बोलायचे तर २०१२ साली प्रसिद्ध झालेले एक भारतीय संशोधन या संदर्भात फार मोलाचे आहे. बंगळूरमधील आयुर्वेद संशोधक आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून पटकी, आमांश, विषमज्वर आणि अतिसार यांचे जिवाणू मुद्दाम पाण्यात सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यांत ठेवले. सोळा तासांनंतर त्या पाण्यातून एकही जिवाणू पुन्हा वाढविता आला नाही. पाण्यात उतरलेले तांबे लिटरमागे सुमारे १७७ मायक्रोग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २,००० मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे हे प्रमाण तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमीच होते.

यातील ‘सोळा तास’ हे दोन शब्द महत्त्वाचे. आपल्या आज्या रात्री हंडा भरून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी त्यातले पाणी घेत, त्या पद्धतीत हा अवधी आपोआप मिळत असे. सकाळी सहाला नळाखाली बाटली भरून आठ बाराच्या जलद गाडीत तिच्यातले पाणी पिणाऱ्या कारकुनाला तांब्याने काय दिले? धातूचा किंचित स्वाद आणि मनाचे समाधान, याहून अधिक काही नाही. शिवाय या प्रयोगात तपासले गेले ते जिवाणू. पावसाळ्यात उपनगरांत कावीळ पसरते ती विषाणूंमुळे, आणि तिच्यापासून तांब्याचा हंडा वाचवील असे या प्रयोगावरून मुळीच म्हणता येत नाही. तेथे पाणी उकळणे हाच उपाय आहे.

मुंबईच्या पाण्याचा इतिहास आपल्या उपनगरांच्याच डोंगरांतून सुरू होतो. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात गेले, नंतर तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा अशी साखळी लांबत गेली. भांडूपच्या संकुलात शुद्ध होऊन, क्लोरीन मिसळून निघणारे पाणी बहुतांशी निर्धोकच असते. ते बिघडते पुढे. दिवसाचे काही तासच पाणी येते. उरलेल्या वेळात जलवाहिनी रिकामी पडते आणि गटाराला खेटून गेलेल्या, गंजलेल्या जोडणीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर किंवा भांडूप-मुलुंडच्या डोंगरउतारांवरच्या वस्त्यांत ते पाणी निळ्या प्लास्टिकच्या पिंपात साठविले जाते आणि त्यात दिवसभर तांब्या बुडविला जातो. तांब्याच्या हंड्याचा खरा उपयोग कोठे असेल तर येथे. पण येथे तो परवडत नाही. उलट ज्याच्या स्वयंपाकघरात आधीच जलशुद्धीकरणाचे यंत्र भिंतीवर टांगलेले आहे, त्याच्या हाती तांब्याची बाटली दिसते. यंत्रातून निघालेल्या निर्जंतुक पाण्यात मारायला जंतू उरलेले नसतात. मात्र क्षार काढून टाकलेले ते पाणी काहीसे आम्लधर्मी झालेले असल्यामुळे तांबे अधिक विरघळवते. औषध निरोग्याच्या घरी आणि रोग शेजारी, असा हा प्रकार आहे.

वसईच्या खाडीवरून गाडी जाताना पाण्यात नाणे टाकणाऱ्यांचे समर्थनही हल्ली ‘तांब्याने पाणी शुद्ध होते’ असे केले जाते. वाहत्या खाडीत एका नाण्याने काय होणार, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण आपली आजची नाणी प्रामुख्याने पोलादाची असतात. काशाचा नवा पैसा १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच इतिहासजमा झाला.

आता त्या दुःखद बाजूकडे वळू. १९८३ साली तांब्याविषयी दोन निबंध प्रसिद्ध झाले. एकमेकांशी त्यांचा काहीही संबंध नव्हता; पण आज ते शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. त्यांपैकी एक ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित हे बालरोगतज्ज्ञ आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचे हे काम होते. त्या काळी सहा महिने ते पाच वर्षे या वयातील भारतीय बालकांना यकृताचा एक असाध्य विकार होत असे. पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई, आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुले जात. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असे त्या रोगाला आपल्या देशाचेच नाव चिकटलेले होते. ग्रामीण, दूधदुभते असलेल्या, खाऊनपिऊन सुखी अशा घरांत तो अधिक दिसे, हे विशेष. कुपोषणाने त्याचा उलगडा होत नव्हता. या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा सापडे. तो येतो कोठून?

उत्तर चुलीवरच होते. अंगावरचे दूध लवकर तोडून बाळाला गाई-म्हशीचे दूध सुरू केले जाई, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले जाई. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे पाण्याच्या मानाने कितीतरी अधिक ओढून घेते आणि धरून ठेवते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकू शकते; बाळाच्या अपक्व यकृताला ते जमत नाही. पुण्यातील याच गटाने १९८७ मध्ये आजारी मुलांच्या आणि त्यांच्या जोडीच्या निरोगी मुलांच्या आहाराचा इतिहास तपासून प्रसिद्ध केला, तेव्हा दुधाच्या भांड्याचा हा धागा अधिकच पक्का झाला. शरीरातील तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाने, रोग लवकर ओळखला तर, काही मुले वाचविताही आली. परंतु खरा उपाय औषधाच्या बाटलीत नव्हता. घरोघरी पितळेची जागा स्टीलने घेतली, भांडे बदला असा सल्ला दवाखान्यांतून दिला जाऊ लागला, आणि एका पिढीच्या आत हा रोग इतका दुर्मिळ झाला की आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी तो पुस्तकातच वाचलेला असतो. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीने मुंबई-पुण्याच्या चाळींत किती बाळांचे प्राण वाचविले असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अगदी अशाच यकृतविकाराने दगावल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत बाळाचे दूध शिजविले जाई. ती भांडी गेली आणि रोग गेला. दोन्हीकडे तांब्याच्या जोडीला आनुवंशिक दुबळेपणाचा भाग असावा असे मत आहे. पण आनुवंशिकता बदलता येत नाही, भांडे बदलता येते.

आपल्या पूर्वजांना हे अजिबात ठाऊक नव्हते असेही म्हणता येणार नाही. ताक, चिंच, आमसूल तांब्या-पितळेत ठेवू नये, ते ‘कळकते’, हे प्रत्येक गृहिणीला माहीत होते. यासाठीच कल्हई होती. गल्लीच्या तोंडाशी भाता लावून बसणारा, नवसागराच्या पांढऱ्या धुरात पातेल्याच्या आतून कथलाचा चकचकीत हात फिरवणारा कल्हईवाला हा खरे तर सार्वजनिक आरोग्याचा सेवक होता. कथलाचा थर झिजला, कल्हई करायची राहून गेली, की अन्न आणि तांबे यांची गाठ पडे. मात्र यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कल्हई केलेल्या भांड्यात पाण्याला तांब्याचा स्पर्शच होत नाही, म्हणून तेथे जंतुनाशक गुणही उरत नाही. पिण्याच्या पाण्याचा हंडा आतून उघडा आणि स्वयंपाकाचे पातेले कल्हईचे, हा जुन्या घरांतला भेद शास्त्राला धरूनच होता. दूध मात्र या नियमातून निसटले. ते आंबट लागत नाही, भांड्यावर हिरवा कळंक उठवीत नाही, म्हणून कोणाला संशय आला नाही. परंपरेला जे डोळ्यांना दिसले आणि जिभेला कळले ते तिने सांभाळले. यकृतात साचणारे तिला दिसणे शक्य नव्हते. आज तांब्याच्या बाटलीत लिंबू पिळून पाणी भरणाऱ्यांनी, किंवा मुलाच्या दप्तरात तांब्याच्या बाटलीतून सरबत देणाऱ्या पालकांनी, निदान परंपरेचा हा अर्धा भाग तरी पाळावा. अर्भकाचे दूध तर तांब्या-पितळेत कधीही ठेवू नये.

१९८३ चा दुसरा निबंध अमेरिकेतला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात फिलिस कुन या बाईंनी सफाई कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एक साधा प्रयोग लावला होता. जंतू वाढविण्याच्या तबकड्या हाती देऊन त्यांना रुग्णालयातील निरनिराळ्या वस्तूंवरून नमुने आणावयास सांगितले. दारांच्या मुठींचा निकाल अनपेक्षित निघाला. लखलखीत स्टेनलेस स्टीलच्या मुठींवरून आलेल्या तबकड्यांत जंतूंचे रान माजले, तर जुनाट, काळवंडलेल्या पितळी मुठींवर जवळजवळ काहीच उगवले नाही. स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे यांतील अंतर दाखविणारा याहून बोलका प्रयोग आढळणे कठीण. कुन यांचा सल्लाही व्यवहारी होता. तो असा की, रुग्णालयाचे नूतनीकरण करीत असाल तर जुनी पितळी मूठ काढून फेकू नका.

हा सल्ला पंचवीस वर्षे जवळजवळ पडून राहिला. २००८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तांब्याच्या २७५ मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली; दोन तासांत ९९.९ टक्क्यांहून अधिक जिवाणू नष्ट होतात असे सांगण्याची मुभा मिळाली. अट अशी की, हा पृष्ठभाग नेहमीच्या साफसफाईच्या जोडीला असावा, तिच्याऐवजी नव्हे. आणि त्यावर रंग, मेण वा लाखेचा हात दिलेला नसावा. त्यानंतर तीन अमेरिकन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत खाटेचे कठडे, सलाईनचा खांब, जेवणाचे फिरते टेबल अशा हाताखालच्या मोजक्या वस्तूंना तांब्याचे आवरण दिले गेले. ६१४ रुग्णांच्या या पाहणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. साध्या खोल्यांत ८.१ टक्के रुग्णांना रुग्णालयातच नवा संसर्ग झाला, तांब्याच्या खोल्यांत ३.४ टक्क्यांना. आकडे आकर्षक आहेत, पण डोळे दिपवून घेऊ नयेत. तांब्याची खोली कोणती हे डॉक्टरांना आणि परिचारिकांना उघड दिसत होते, आणि तेथे कळत-नकळत हात अधिक धुतले गेले नसतील असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

तरीही आपल्या दृष्टीने याला विशेष महत्त्व आहे. २०१० साली मुंबईतीलच एका रुग्णालयातील डॉक्टरांनी शेवटच्या फळीतील प्रतिजैविकांनाही न जुमानणारे, ‘एनडीएम-१’ हे जनुक बाळगणारे जिवाणू आपल्या रुग्णांत सापडल्याचे प्रसिद्ध केले होते. साउथॅम्प्टन विद्यापीठातील प्रयोगात २०१२ मध्ये असे दिसले की, स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागावर जिवाणू हे जनुक एकमेकांना देऊ शकतात. तांब्यावर ते मरतात आणि त्यांचे जनुकद्रव्यही मोडते, त्यामुळे ही देवघेव खुंटते. औषधाला औषध उरले नाही अशा काळात दाराची मूठ कशाची असावी, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

करोनाच्या साथीत या साऱ्याला एकाएकी भाव आला. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तो विषाणू तांब्यावर चार तासांनंतर जिवंत आढळला नाही. पोलाद व प्लास्टिकवर तो दोन-तीन दिवस टिकला. जुलै २०२० मध्ये कपूरथळ्याच्या रेल्वे कारखान्याने तांब्याचा लेप दिलेले दांडे आणि कड्या असलेला डबा तयार केला. उपनगरी गाड्यांतही असे दांडे बसवावेत, असे तेव्हा अनेकांना वाटले. कल्पना वाईट नाही, पण पुढे कळून चुकले की तो रोग मुख्यतः हवेतून पसरतो. विरार गाडीत दोन तोंडांमध्ये चार बोटांचेही अंतर नसताना दांडा तांब्याचा आहे की लाकडाचा, याने फारसा फरक पडला नसता. शिवाय जेथे नळाची पितळी तोटी रात्रीतून नाहीशी होते, तेथे तांब्याचे दांडे किती दिवस जागेवर राहतील?

रुग्णालयाची गोष्ट निराळी. तेथे रखवालदार असतो, वस्तू मोजक्या असतात आणि माणूस आधीच दुबळा झालेला असतो. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. तिच्यातील ज्यांना खासगी रुग्णालय परवडत नाही ते कूपर, राजावाडी, भगवती, अगरवाल, शताब्दी येथे येतात. बोरिवलीच्या भगवती आणि मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयांच्या पुनर्बांधणीची कामे गेल्या दहा-पंधरा वर्षांत हाती घेतली गेली. नव्या इमारतीत मुठी, कठडे आणि तोट्या कशाच्या असाव्यात हे निविदेच्या एका ओळीत ठरते, आणि ती ओळ सवयीने स्टेनलेस स्टीलची लिहिली जाते, कारण ते चकाकते आणि काळे पडत नाही. महापालिकेने सर्व रुग्णालये तांब्याने मढवावीत अशी सूचना करणे हास्यास्पद ठरेल. पण एका रुग्णालयाच्या एका अतिदक्षता विभागात अर्ध्या खाटांना पितळी वा तांब्याचे कठडे आणि मुठी बसवाव्यात, उरलेल्या अर्ध्या तशाच ठेवाव्यात, आणि वर्षभर दोन्हीकडच्या रुग्णांना झालेले संसर्ग प्रामाणिकपणे मोजून ते आकडे, अनुकूल असोत वा प्रतिकूल, छापावेत, एवढे मागणे अवाजवी नाही. साठ टक्क्यांहून अधिक तांबे असलेले साधे पितळही यासाठी चालते. सफाई कामगारांना मात्र एक सूचना आवर्जून द्यावी लागेल. हे कठडे काळवंडले तर काळवंडू द्यावेत, त्यांवर चकाकीसाठी लाखेचा हात मारू नये. आणि खाटेशेजारी हात धुण्याची जागा, साबण आणि वाहते पाणी ही तिन्ही असल्याखेरीज या प्रयोगाला आरंभच करू नये.